मुक्कामाची रात्र आणि सकाळची पाळी : सोलापुरातील चार प्रवासी गाड्यांच्या स्वच्छतेचे प्रकरण

सोलापुरात सतरा आसनी चार गाड्या चालवणाऱ्या एका लहान वाहतूकदाराला उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचे पत्र आले. गिऱ्हाईक म्हणजे गणवेश शिवणारा एक कारखाना. शिलाई विभागातल्या बायकांना पहाटे शहराच्या वेगवेगळ्या पेठांतून पाळीवर आणणे आणि संध्याकाळी घरी सोडणे हे या गाड्यांचे रोजचे काम होते. गाड्यांत आंबूस वास येतो, आसनांवर तांबडे-पिवळे डाग असतात, त्या डागांनी कामावर येणाऱ्या महिलांचे कपडे खराब होतात आणि महिनाभरात फरक पडला नाही तर करार पुढे चालवता येणार नाही, असे पत्रात स्पष्ट लिहिले होते. या कामात मदतनीस म्हणून मी सुरुवातीपासून होतो. संबंधितांच्या इच्छेनुसार येथे कोणाचेही नाव दिलेले नाही.

प्रकरण समजून घेण्यासाठी या गाड्यांचा दिनक्रम आधी पाहावा लागतो. कारखान्याच्या फेऱ्यांवर गाडीचा हप्ता, डिझेल आणि चालकाचा पगार एवढे सगळे भागत नाही. त्यामुळे मंगळवारी, शुक्रवारी, पौर्णिमेला आणि सुट्ट्यांत याच गाड्या भाविकांना घेऊन जातात. तुळजापूर सोलापूरपासून सुमारे ४५ किलोमीटर, अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटर; म्हणजे संध्याकाळी कामगार उतरले की भाविक चढवायचे, दर्शन, ओटी, जेवण आटोपून मध्यरात्रीच्या सुमारास परतायचे आणि पहाटे पाचला पुन्हा पाळीसाठी निघायचे, हे बसते. देवीच्या दर्शनाहून परतणाऱ्यांच्या हातांना आणि कपाळाला हळद-कुंकू असते, पिशवीत फोडलेला नारळ असतो, आणि बालाघाटाच्या डोंगरातल्या त्या घाटरस्त्याने लहान मुलांना उलटी होते. यात कोणाचाही दोष नाही. त्या आसनावर सहा तासांनी बसणाऱ्या बाईला मात्र रात्री तेथे कोण बसले होते हे ठाऊक नसते आणि रात्रीच्या भाविकाला सकाळी कोण बसणार हे ठाऊक नसते. सामायिक वाहनाच्या अस्वच्छतेचे मूळ मला येथेच दिसते.

पत्र मिळाल्यावर वाहतूकदाराने केले ते बहुतेक जण करतील तेच होते. त्याने ओझोन सोडणारे एक यंत्र विकत घेतले, डॅशबोर्डवर सुगंधी डब्या ठेवल्या आणि चालकांना फवारणीचा पंप देऊन त्यात सोडियम हायपोक्लोराइट या क्लोरीनयुक्त जंतुनाशकाचे पाणी भरले. खर्च बराच झाला आणि पंधरवड्याने तक्रार वाढली, कारण आता आंबूस वासात अत्तराचा आणि क्लोरीनचा वास मिसळला होता.

हे उपाय का फसले ते नीट सांगायला हवे, कारण कोविडच्या काळानंतर अशी यंत्रे लहान वाहतूकदारांना फार आग्रहाने विकली गेली. ओझोन वासाच्या रेणूंवर काम करतो हे खरे. परंतु रेक्झिनच्या शिवणीत मुरलेले नारळाचे पाणी तेथेच राहते आणि दुसऱ्या दिवशी वास पुन्हा तयार होतो. शिवाय ओझोन फुप्फुसांना त्रासदायक आहे, तो सोडताना गाडी रिकामी असावी लागते, नंतर ती बराच वेळ उघडी ठेवावी लागते, आणि दारांच्या रबरी पट्ट्यांना त्याने कालांतराने भेगा पडतात. फवारणीबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्येच सांगितले होते की बंदिस्त जागेत जंतुनाशक फवारत सुटणे हा नेहमीचा उपाय म्हणून योग्य नाही. पृष्ठभाग आधी स्वच्छ पुसावा, मग जंतुनाशकाने भिजवलेल्या फडक्याने पुन्हा पुसावा. मळावर जंतुनाशक मारले तर ते मळाशीच झगडण्यात संपून जाते. त्यातही हायपोक्लोराइट उष्णतेने आणि उजेडाने निकामी होत जाते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि या द्रावणाचे कॅन पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेले होते. फवारले जात होते त्यात कितपत दम उरला होता हा प्रश्नच होता. याच सुमारास एका विक्रेत्याने अतिनील किरणांचा दिवाही सुचवला. त्या किरणांचा परिणाम थेट समोर येणाऱ्या भागावरच होतो, आसनांच्या फटींत आणि पायांखाली ते पोहोचत नाहीत, प्लॅस्टिक त्यांनी कमकुवत होते आणि माणसाच्या डोळ्यांना ते घातक असतात, एवढे समजल्यावर तो विचार तेथेच सोडून दिला.

यंत्रांकडून नजर काढून आम्ही वेळेकडे वळवली. चालकांचे म्हणणे होते की गाडी रोज धुतली जाते. मालकाचा त्यावर विश्वास होता, कारखान्याचा नव्हता. याचा निकाल लावण्यासाठी नवे काही घ्यावे लागले नाही. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांना, तीनचाकी वगळता, स्थान कळवणारे यंत्र आणि आणीबाणीचे बटण बसवणे बंधनकारक आहे. चारही गाड्या त्यानंतरच्या असल्याने प्रत्येकीत ते यंत्र होतेच. परवान्याच्या नूतनीकरणाखेरीज त्याची आठवण कोणाला होत नव्हती. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर एखाद्या जागेभोवती कुंपण आखता येते आणि गाडी त्या कुंपणात कधी शिरली, कधी बाहेर पडली याची नोंद आपोआप होते. गाड्या धुण्याच्या यार्डाभोवती असे कुंपण आखले आणि मागच्या नोंदी काढून पाहिल्या. तुळजापूरहून परतलेली गाडी त्या रात्री यार्डात जवळजवळ कधीच आली नव्हती. ती चालकाच्या घरासमोर उभी राहत होती आणि तेथूनच पहाटे पाळीला निघत होती. दिवसा दोन फेऱ्यांच्या मधे ती धुतली जात होती, त्यामुळे चालकांचे म्हणणेही सर्वस्वी खोटे नव्हते. फक्त ज्या रात्रीनंतर धुणे सर्वांत गरजेचे होते, नेमके तेव्हाच ते होत नव्हते.

नोंदी समोर ठेवल्यावर एक ज्येष्ठ चालक मालकाला म्हणाले, “मालक, बाराला गाडी लावायची, पाचला परत काढायची. मधी धुवायची कवा, सांगा की तुम्हीच.” मला वाटते या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच होते. ते पाच तास कोणाच्याच कामाचे नव्हते. त्यांचा पगार कोणाला मिळत नव्हता आणि म्हणून त्यांची जबाबदारीही कोणावर नव्हती.

मालकाने तरीही पहिला निर्णय दंडाचा घेतला. प्रत्येक चालकाने पहाटे गाडी काढण्यापूर्वी आतले फोटो पाठवायचे, डाग दिसला तर पगारातून कपात. फोटो येऊ लागले आणि ते सगळे स्वच्छ होते. आठवड्याभरात लक्षात आले की काही फोटोंत खिडकीबाहेर लख्ख ऊन आहे, म्हणजे ते पहाटेचे असणे शक्यच नव्हते. जुने फोटो पुन्हा पाठवले जात होते. फोटोवर वेळ आणि ठिकाण आपोआप उमटवणारे ॲप बसवून हे थांबवता आले असते. मी त्याला विरोध केला. माणसाला धुण्याची सवड न देता धुतल्याचा पुरावा मागितला, तर तो खोटा पुरावा देणार, आणि पुराव्याचे तंत्र जितके पक्के करावे तितकी त्याची युक्तीही पक्की होत जाते. आधी कामाची मजुरी ठरवा, मग फोटो मागा, असा आग्रह आम्ही धरला आणि बऱ्याच चर्चेनंतर तो मान्य झाला.

यार्डाच्या जवळ राहणाऱ्या, पूर्वी एका रुग्णालयात सफाईचे काम केलेल्या एका मावशींना या कामावर घेण्यात आले. भाविकांची खेप झाली की गाडी यार्डातच लावायची, चालकाने तेथून दुचाकीने घरी जायचे आणि मावशींनी पहाटे चारपासून गाड्या हाती घ्यायच्या, असे ठरले. मजुरी गाडीमागे ठरली आणि दर्शनाच्या खेपेनंतरच्या गाडीला दर जास्त ठेवला. चालकाला यार्डात गाडी लावण्याचा स्वतंत्र भत्ता मिळू लागला. मावशी काम झाल्यावर तीन ठरलेल्या जागांवरून फोटो काढतात : दारातून आत, मागच्या आसनावरून पुढे, आणि पायांखालची जमीन. त्या फोटोवरच त्यांची मजुरी निघते, त्यामुळे तो पाठवायची आठवण कोणाला करावी लागत नाही. गाडी यार्डात आल्याची नोंद आणि हे तीन फोटो एवढ्यावर मालकाला घरबसल्या कळते की उद्याची कोणती गाडी तयार आहे.

मावशींच्या हाताने जे बदलले ते तंत्रज्ञानाच्या कोणत्याही पुस्तिकेत आम्हाला मिळाले नसते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दाखवून दिले की धुण्याच्या सोड्याने भंडाऱ्याचा पिवळा डाग जात नाही, उलट तांबडा होऊन बसतो. कारण सरळ आहे. हळदीतले रंगद्रव्य अल्कधर्मी पदार्थाच्या संपर्कात आले की लालसर-तपकिरी होते. कुंकू पारंपरिक पद्धतीने करताना हळदीचा हाच गुण वापरतात. कारखान्याच्या पत्रातले काही ‘तांबडे डाग’ मुळात हळदीचे होते आणि ते आमच्याच साबणाने तांबडे केले होते. मग सौम्य, अल्कली नसलेला द्रव साबण आणला, आणि डाग उरलाच तर गाडीची दारे पूर्वेकडे उघडी ठेवून त्यावर ऊन पडू द्यायचे असे ठरले. हळदीचा रंग उन्हात विरतो आणि उन्हाची या शहरात कमतरता नाही. माव्याचे, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचे, डाग वेगळे. त्यात सुपारीचा तुरटपणा आणि चुना दोन्ही असतात, म्हणून तेथे लिंबाच्या सत्त्वाचे पातळ द्रावण उपयोगी पडते. बोअरच्या जड पाण्याने काचांवर आणि दांड्यांवर धरणारा पांढरा थरही त्याने निघतो. मात्र हे द्रावण आणि हायपोक्लोराइट एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही डबे वेगवेगळ्या रंगांचे, वेगवेगळ्या कपाटांत, आणि हायपोक्लोराइट फक्त उलटी झालेल्या जागेपुरते, तेही पुसून घेतल्यानंतर, हा नियम आम्ही भिंतीवर रंगवून घेतला. ते रोज लागेल तेवढेच ताजे करायचे असेही ठरवले.

माव्याबद्दल आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी पुड्या आणि मावा हे या शहरातल्या रस्त्यावरचे रोजचे दृश्य आहे. गाड्यांच्या बाहेरच्या बाजूला सर्वांत जास्त ओघळ होते ते चालकाच्या दारावर. प्रवाशांना सूचना लिहिण्याआधी मालकाने चालकांशी एकेकट्याने बोलावे, असे मी सुचवले आणि तो बोलला. दोघांनी गाडीवर असताना मावा सोडला, दोघांनी सोडला नाही. ते आता थुंकण्यासाठी झाकणाचा डबा ठेवतात. यापलीकडे प्रगती नाही.

पाण्याचा प्रश्न सोलापुरात वेगळा सांगायला नको. नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येणाऱ्या शहरात चार गाड्यांवर पाइप सोडून देणे परवडणारे नाही आणि शोभणारेही नाही. बाहेरून धुण्यासाठी दाबाने पाणी मारणारे यंत्र घेतले. ते मिनिटाला साधारण सहा-सात लिटर पाणी घेते, उघड्या पाइपपेक्षा बरेच कमी. आतल्या भागाला तर पाणी लागतच नाही असे म्हटले तरी चालेल : आधी व्हॅक्यूम, मग ओलसर फडके. पूर्वी चालक कोरड्या झाडूने आत झाडत असत, त्याने धूळ उडून पुन्हा आसनांवर आणि एसीच्या जाळीत बसत असे. फडकी टेरी टॉवेलच्या कापातून निघणाऱ्या तुकड्यांची आहेत. ती येथे वजनावर मिळतात, पाणी चांगले शोषतात आणि आसनांसाठी, जमिनीसाठी व उलटीसाठी वेगवेगळ्या रंगांची ठेवता येतात. रंगांची ही शिस्त मावशींनी रुग्णालयातून आणली.

आसनांसाठी दोन संच शिवले. भाविकांच्या खेपेला रेक्झिनची पुसता येणारी आवरणे, सकाळच्या पाळीला टेरी टॉवेलची धुतलेली आवरणे. दोन्ही चिकटपट्टीने बसतात. ही कल्पना कारखान्यातल्या बायकांची, मोजमापही त्यांनीच घेतले. दाराशी एक प्लॅस्टिकचा क्रेट आला, फोडलेले नारळ आणि ओटीचे सामान त्यात ठेवायचे, आणि प्रत्येक आसनामागे उलटीसाठी कागदी पिशवी. इतक्या साध्या वस्तूंनी रात्रीची घाण कितीतरी कमी झाली.

तक्रार करण्याच्या सोयीवर आम्ही सर्वाधिक विचार केला आणि त्यासाठी रेल्वेकडे पाहिले. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय. मुंबईला वा पुण्याला ये-जा करणाऱ्या येथल्या माणसाला १३९ हा क्रमांक आणि रेलमदद हे ॲप परिचित असते. डब्यातल्या अस्वच्छतेची तेथील तक्रार उपयोगी पडते, कारण प्रवासी पीएनआर देतो आणि त्यावरून गाडी, डबा, आसन सगळे कळते. गाडीवरच्या सफाई कर्मचाऱ्याला वा पुढच्या स्थानकाला नेमका निरोप जातो. भिंतीवर नुसता फोन क्रमांक लिहिला असता तर ‘कुठल्या तरी डब्यात घाण आहे’ यापलीकडे काही पोहोचले नसते. आमच्या प्रवाशांकडे पीएनआर नव्हता, म्हणून प्रत्येक आसनामागे वेगळा क्यूआर कोड लावला. तो उघडला की व्हॉट्सॲपवर गाडीचा व आसनाचा क्रमांक आधीच लिहिलेला संदेश तयार असतो. प्रवाशाने पुढे काय ते सांगायचे. वेगळे ॲप नको, नोंदणी नको.

येथे सोलापूरचे वैशिष्ट्य आडवे आले आणि मग उपयोगीही पडले. या पाळीतल्या अनेक बायकांची घरची भाषा तेलुगू, काहींची कन्नड, काहींची दखनी. मराठी सगळ्यांना येते, परंतु मराठीत टाइप करून तक्रार लिहायला त्या धजावत नव्हत्या. पहिले काही दिवस एकही संदेश आला नाही आणि मालक समाधानी झाला. मग एका मुलीने तेलुगूत बोलून आवाजाचा संदेश पाठवला. मावशींना तेलुगू येत असल्याने त्यांनी त्याच दिवशी ते आसन खोलून पाहिले आणि शिवणीतून कुजलेल्या प्रसादाचा तुकडा काढला. दुसऱ्या दिवसापासून कोडखाली एकच ओळ छापली : तुमच्या भाषेत बोला. संदेश थेट मावशींच्या फोनवरही जाऊ लागले. कार्यालयातून निरोप खाली येईपर्यंत थांबण्यापेक्षा ज्याच्या हातात फडके आहे त्याच्यापर्यंत बोलणे पोहोचणे केव्हाही चांगले. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्या शेजारणीच्या फोनवरून बोलतात.

या संदेशांतून एक अनपेक्षित बाब कळली. बऱ्याच तक्रारी डागांच्या नव्हत्या. गाडीत कोंदटल्यासारखे होते, डोके जड होते, असे त्या सांगत होत्या. चालक गारवा टिकावा म्हणून एसी कायम आतलीच हवा फिरवण्यावर ठेवत. कार्बन डायऑक्साइड मोजणारे लहान यंत्र गाडीत ठेवून पाहिले. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ४२० असते. गाडी भरल्यावर आतला आकडा अर्ध्या वाटेतच त्याच्या कित्येक पटींवर चढत असे. म्हणजे सतरा जणी एकमेकींचा श्वास पुन्हा पुन्हा घेत होत्या. उपाय फुकटचा होता : बाहेरची हवा घेण्याचा खटका चालू ठेवणे, एसीची जाळी ठरलेल्या दिवशी साफ करणे, आणि शेवटचा थांबा येण्याआधी काही मिनिटे गारवा बंद करून नुसता पंखा चालवणे, म्हणजे एसीच्या आतल्या थंड नळ्यांची ओली गुंडाळी वाळते आणि तिच्यावर बुरशी धरत नाही. मोजमापाचे ते यंत्र आता चारही गाड्यांत आलटून-पालटून फिरते. माझ्या मते संपूर्ण प्रकरणात ज्या खरेदीचे पैसे पुरेपूर वसूल झाले ती हीच.

मालकाला गाडीत कॅमेरेही बसवायचे होते, कोण थुंकते ते कळावे म्हणून. कामगार महिलांनी ठाम नकार दिला. पहाटे अर्धवट झोपेत, पदर सावरत, कधी मुलाला दूध पाजून धावत आलेल्या बाईचे चित्रण कोणाच्या तरी फोनवर साठत राहावे हे त्यांना मान्य नव्हते, आणि त्यांचे बरोबर होते. डागाचा शोध लावण्यासाठी माणसाचे चित्रण लागत नाही, डागाचे पुरते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही मालकाला समजावून सांगितला. परंतु तो मागे हटला तो त्या बायकांच्या बोलण्याने.

कारखान्याने करार वाढवला. नव्या करारात दोन बाबी आल्या. गाडीची स्वच्छता हा भाड्यात गृहीत धरलेला भाग न राहता स्वतंत्र दराची बाब झाली. आणि आदल्या रात्री दर्शनाला गेलेली गाडी यार्डाची नोंद व तीन फोटो यांशिवाय पाळीला लावायची नाही असे लिहून घेतले. भाविकांच्या भाड्यातही सफाईचा वेगळा आकार लावला, त्यावर काही मंडळांनी कुरकुर केली आणि दोन जुनी गिऱ्हाइके दुसरीकडे गेली.

कोजागरीचा पेच मात्र सुटलेला नाही. त्या वेळी सोलापुरातून असंख्य भाविक पायी तुळजापूरला जातात आणि परतीला मिळेल त्या वाहनाने येतात; धुळीने माखलेले पाय, घामेजलेले कपडे, थकून झोपलेली मुले आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसे. त्या रात्री चारही गाड्या मार्गावर असतात आणि एका मावशींना पहाटेपर्यंत चार गाड्या नीट करणे शक्य नसते. मालक त्या एका रात्रीसाठी आणखी दोन माणसे घेण्याचा विचार करतो आहे, तर कारखान्याचे म्हणणे आहे की दुसऱ्या दिवशीच्या पाळीसाठी बाहेरच्या गाड्या आणाव्यात आणि फरक मालकाने सोसावा. नवरात्राच्या आधी यावर बैठक ठरली आहे, आणि मावशींनाही तिला बोलवावे असे मी दोघांनाही कळवले आहे.